पानाच्या मागच्या बाजूला

दूधगंगेच्या पट्ट्यात ऊस पिकवलेल्या माणसाला लोकरी माव्याची ओळख करून द्यावी लागत नाही. पूर्वी ईशान्य भारत आणि पश्चिम बंगालकडे आढळणारी ही कीड २००२ च्या पावसाळ्यात सांगली भागात दिसली आणि त्याच वर्षी बेळगाव जिल्ह्यात येऊन ठेपली. बोरगाव, सदलगा, निपाणीकडच्या फडांत पान उलटावं तर मागे पिंजलेल्या कापसासारखा पांढरा थर! बोट लावलं की मेण हाताला लागायचं. मावा रस शोषून गोड चिकटा गाळतो, तो खालच्या पानांवर पडतो, त्यावर काळी बुरशी धरते. मादी नराशिवाय थेट पिल्लांना जन्म देते, त्यामुळे पाहता पाहता अख्खा फड काळवंडतो.

साहजिकच घरोघरचे पंप बाहेर निघाले. पण सहा-सात महिन्यांच्या उसात शिरायचं कसं? फवारा बसतो पानाच्या वर, मावा असतो खाली. त्यात त्याच्या अंगावरच्या मेणावरून पाण्याचे थेंब घरंगळून जातात. थोडा मावा मरायचा, उरलेला पुन्हा वाढायचा. आणि त्याला खाणारे कीटक मात्र त्याच औषधानं मरायचे.

ते कीटक कोण? एक डिफा, आपल्याकडे कोनोबाथ्रा म्हणूनही ओळखला जाणारा. बहुतेक अळ्या पाला खातात, डिफाची अळी मावा खाते. माव्याच्या थरातच रेशमी जाळं विणून आत बसते आणि एकेक गिळत पुढे सरकते. दुसरा मायक्रोमस. त्याची अळी चिमट्यासारख्या जबड्यात मावा धरून शोषून घेते. पुण्याची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि धारवाडचं कृषी विद्यापीठ यांनी हे कीटक वाढवून शेतांपर्यंत पोचवले. हेक्टरी एक हजार डिफा किंवा अडीच हजार मायक्रोमस, अशी शिफारस होती. अळ्या असलेले पानांचे तुकडे माव्याच्या पानांना टाचायचे आणि मग फवारणी थांबवायची. हे थांबणंच सगळ्यात अवघड! शेजारच्या बांधावर पंप चालू असताना हात आवरायला छाती लागते. ज्यांनी तो आवरला, त्यांनी आपल्या भागाला फार मोठी गोष्ट दाखवून दिली, असं मला मनापासून वाटतं.

याचा अर्थ औषध मारूच नये, असा नाही. सोयाबीन आणि तंबाखू, दोन्हींवर येणारी स्पोडोप्टेराची अळी पाहा. अंडी पुंजक्यानं असतात. बाहेर पडलेल्या इवल्या अळ्या एकाच पानावर राहून त्याची जाळी करतात. तेव्हा ते पान तोडून नष्ट केलं तरी भागतं. मोठी झाली की ती दिवसा मातीत, पाल्याखाली दडते आणि रात्री खाते. भर दुपारी मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही, फवारणी संध्याकाळीच हवी. बाटल्यांची नावं बदलली तरी आतला घटक तोच असू शकतो. तोच घटक पुन्हा पुन्हा वापरला, की जगलेल्या अळ्यांची पुढची पिढी त्याला दाद देत नाही. म्हणून दुकानात ब्रँडच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं घटकाचं नाव वाचून घ्यावं. डब्यावरचा रंगीत त्रिकोणही पाहावा: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा.

आपण त्याला औषध म्हणतो, तिथंच घोटाळा होतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. कपाशी डोक्याच्या वर गेलेली, फवारा अंगावरच पडत होता. उसात याहून वेगळं काय असतं? ऑरगॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं कीटकाच्या मज्जातंतूंतलं जे विकर बंद पाडतात, तेच आपल्याही शरीरात असतं. विष कातडीतूनही आत जातं. बाहुल्या बारीक होतात, लाळ आणि घाम सुटतो, श्वास अडतो. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नये. माणसाला दवाखान्यात न्यावं आणि डबा सोबत घ्यावा, कारण डॉक्टरांना आधी घटकाचं नाव लागतं.

नोझल तुंबलं की तोंड लावून फुंकणारे अजून दिसतात. त्यासाठी जुना दात घासायचा ब्रश पंपाला बांधून ठेवावा. फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात टाकू नयेत, वेगळे भिजवावेत. ते धुणारी बाई बहुतेक वेळा हातमोजे घालत नाही आणि त्या दिवशी शेतात काय मारलं, हे तिला कुणी सांगितलेलंही नसतं.