तिळावर करडी नजर

त्वचेचा कर्करोग बहुधा डोळ्यांदेखत वाढतो. लवकर हेरला, तर बहुतेक वेळा पूर्ण बराही होतो. हेरणाऱ्यांच्या आणि हरवणाऱ्यांच्या या भन्नाट करामती!

हुंगून निदान
१९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधल्या दोन डॉक्टरांचं पत्र छापून आलं. एका बाईंचा कुत्रा त्यांच्या पायावरचा एकच तीळ सारखा हुंगायचा, अगदी पँटवरूनही. बाकीच्या तिळांकडे ढुंकूनही बघायचा नाही. एकदा तर तो तीळ चावून काढायलाच निघाला! बाईंनी डॉक्टर गाठले. निघाला मेलॅनोमा, म्हणजे त्वचेच्या कर्करोगातला महाघातक प्रकार.

दहापट मोठा तीळ
त्वचारोगतज्ज्ञांच्या हातातला डर्मोस्कोप तीळ साधारण १० पट मोठा दाखवतो. त्याचा खास प्रकाश कातडीवरची चकाकी घालवतो, त्यामुळे वरच्या थराखालची नक्षीही दिसते. कापाकापी नाही, दुखणं नाही.

९२ कॅमेरे, एक क्लिक
काही मोठ्या केंद्रांत माणूस मधोमध उभा राहतो आणि भोवतीचे ९२ कॅमेरे एकदम फोटो घेतात. संगणकावर अख्ख्या शरीराचा त्रिमितीय नकाशा तयार! पुढच्या खेपेला नवा तीळ कुठला, वाढलेला कुठला, हे लगेच ताडून पाहता येतं.

संगणक विरुद्ध २१ तज्ज्ञ
२०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी त्वचेच्या आजारांची सुमारे १ लाख २९ हजार चित्रं दाखवून संगणकाला शिकवलं. मग २१ त्वचारोगतज्ज्ञांशी त्याचा सामना लावला. संगणक तोडीस तोड ठरला. पण अशा चित्रांत गोऱ्या कातडीचाच भरणा असतो. आपल्या सावळ्या रंगाची चित्रं भरपूर दाखवल्याशिवाय हे यंत्र आपल्या कामाचं नाही.

थर काढा, लगेच तपासा
अमेरिकेतल्या फ्रेडरिक मोस यांनी १९३०च्या दशकात त्वचेचा कर्करोग थराथरानं काढण्याच्या शस्त्रक्रियेचा पाया घातला. आज एक पातळ थर काढून लगेच सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. कर्करोगाच्या पेशी उरल्या असतील, तर फक्त तेवढ्याच जागी पुन्हा सुरी. नाक, पापणी अशा नाजूक जागी निरोगी कातडी वाचते.

ब्रेक काढणारं औषध
कर्करोग आपल्या प्रतिकारशक्तीला ब्रेक लावतो. तो ब्रेक सोडवण्याची वाट शोधणाऱ्या जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांचा मेलॅनोमा २०१५ मध्ये मेंदूपर्यंत पोचला होता. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि असं ब्रेक सोडवणारं नवं औषध घेतल्यावर काही महिन्यांतच तपासणीत कर्करोग दिसेनासा झाला. कार्टर शंभरी पार करून गेले.

विषाणू कामाला लावला
ओठांवर फोड आणणाऱ्या हर्पिस विषाणूत बदल करून तो थेट मेलॅनोमाच्या गाठीत टोचतात. तो गाठीच्या पेशी फोडतो आणि प्रतिकारशक्तीलाही जागं करतो. अमेरिकेत २०१५ मध्ये या उपचाराला मान्यता मिळाली.

नाडीची गाठ
२०२४ मध्ये वर्ध्याच्या डॉक्टरांनी बिहारमधल्या सहकाऱ्यांसोबत एक इशारा प्रसिद्ध केला. नऊवारी नेसणाऱ्या सत्तरीच्या एका आजींच्या कमरेवरची जखम दीड वर्ष भरत नव्हती. वर्षानुवर्षं घट्ट बांधलेल्या परकराच्या नाडीनं कातडी घासली जात होती. तपासणीत कर्करोग निघाला. नाडी सैल बांधा किंवा रुंद पट्टा लावा, उपाय इतका सोपा आहे.

आपण कुठे बघायचं?
सावळ्या त्वचेत मेलॅनोमा बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली येतो. गायक बॉब मार्ली यांचा पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली सुरू झाला. १९८१ मध्ये अवघ्या ३६ व्या वर्षी ते गेले. तेव्हा महिन्यातून एकदा आंघोळीनंतर तळपाय, नखं, कंबर नीट न्याहाळा. पाठ घरच्यांना बघायला सांगा. तीळ वाढतोय, रंग बदलतोय, कडा वेड्यावाकड्या होताहेत, रक्त येतंय किंवा जखम महिनाभर भरत नाही, असं दिसलं तर घरगुती लेप लावत बसू नका. थेट त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.