वृद्ध सागरी माशाचे रोगनिदान

'लक्षण' हा शब्द व्याकरणात आणि वैद्यकात सारखाच रूढ आहे, आणि दोन्ही शास्त्रांत त्याचे कार्यही एकच आहे : दिसणाऱ्या खुणेवरून न दिसणाऱ्या गोष्टीपर्यंत पोहोचविणे. मनुष्याच्या रोगनिदानात रोग्याच्या कथनाचा आधार असतो. पशुवैद्याला तो नसला, तरी जनावराला हात लावून पाहता येते. मत्स्यालयातील माशाच्या बाबतीत हे दोन्ही मार्ग बहुतांशी बंद असतात. तो बोलत नाही, आणि त्याला पाण्याबाहेर काढणे हीच त्याच्यावर एक आपत्ती असते. त्यातून मासा वृद्ध असेल, तर आणखी एक अडचण उभी राहते. प्रत्येक लक्षणाला 'वार्धक्य' हे आयते उत्तर तयार असते, आणि ते एकदा स्वीकारले की शोध तेथेच थांबतो. ते स्वीकारण्यापूर्वी कोणत्या क्रमाने विचार करावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. उदाहरणादाखल समुद्रफुलाच्या आश्रयाने राहणारा, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाउन मासा घेतला आहे.

प्रथम वयाचा प्रश्न. २००७ साली बस्टन व गार्सिया या संशोधकांनी पापुआ न्यू गिनीतील मदांग येथील खाजणातल्या 'ॲम्फिप्रिऑन पर्क्युला' या जातीच्या क्लाउन माशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या अनुमानाप्रमाणे या जातीची मादी तीस वर्षांपर्यंत जगू शकते. एवढ्याशा माशाकडून जितक्या आयुष्याची अपेक्षा करावी, त्याच्या सुमारे सहापट हे आयुष्य आहे. तेव्हा दहा-बारा वर्षे पाळलेला क्लाउन मासा मलूल झाला, म्हणजे त्याचे आयुष्य सरले, असे मानण्यास आधार नाही. वार्धक्यात शरीराची राखीव शक्ती कमी होते हे खरे. परंतु ही उणीव रोगाला वाट करून देते, ती स्वतः रोग नव्हे.

आपल्याकडील वैद्यकात रोग ओळखण्याची पाच साधने सांगितली आहेत : निदान म्हणजे कारण, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. माधवकराच्या 'रोगविनिश्चय' या ग्रंथात, जो 'माधवनिदान' या नावानेच अधिक प्रसिद्ध आहे, ही पंचकाची मांडणी आढळते. तीतील औषधांचा माशांशी संबंध नाही. परंतु 'रूप' म्हणजे प्रत्यक्ष लक्षण हे पाचांपैकी केवळ एक आहे, ही जाणीव येथे फार उपयोगी पडते.

कारणाचा शोध पाण्यापासून सुरू करावा लागतो. सागरी माशाच्या शरीरातील द्रवाची लवणता समुद्राच्या पाण्याच्या सुमारे एकतृतीयांश असते. त्यामुळे तर्षणाने त्याच्या शरीरातील पाणी सतत बाहेर जात असते. ही तूट तो समुद्राचे पाणी पिऊन भरून काढतो आणि जादा मीठ मुख्यतः कल्ल्यांतून बाहेर टाकतो. श्वसन, मिठाचा निचरा आणि अमोनियाचे उत्सर्जन ही तिन्ही कामे कल्लेच करतात. शिवाय २५° से. तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.८ मिलिग्रॅमच. तापमान वाढले की हे प्रमाण आणखी घटते. म्हणून माशाचा श्वास जलद झालेला दिसताच औषधाची बाटली न उघडता आधी पाणी तपासावे. लवणता हजारी ३५च्या आसपास, तापमान २४ ते २७ अंश, पीएच ८.० ते ८.४ आणि अमोनिया मोजता न येण्याइतका कमी, ही सर्वसाधारण अपेक्षा होय.

येथे एक गोष्ट सहज विसरली जाते. जो मासा जुना, त्याची टाकी बहुधा तितकीच जुनी असते. वर्षानुवर्षे नायट्रेट साचत जाते, पीएच हळूहळू उतरतो आणि मासा त्या पाण्याला सरावतो. अशा टाकीतील सर्व पाणी एकदम बदलणे घातक ठरू शकते. कारण पीएच अचानक वाढला, की साचलेल्या अमोनियाचा विषारी अंश झपाट्याने वाढतो. सुधारणा थोडथोडी करावी. टाकीतील सर्वच मासे धापा टाकीत असतील, तर संशय पाण्यावर; एकच मासा टाकीत असेल, तर त्या माशावर. मात्र पाणी बिघडल्याचा पहिला फटका अशक्त माशाला बसतो, हेही ध्यानात ठेवावे.

पाणी निर्दोष ठरल्यानंतर रूपाकडे वळावे. मराठीत 'काल' आणि 'गाल' या शब्दांतील भेद जसा एकाच घटकावर उभा असतो, तसे रोगलक्षणांतही एकेक घटक व्यवच्छेदक ठरतो. डोळा बाहेर आलेला दिसला, तर पहिला प्रश्न असा : एक की दोन्ही? एकच डोळा सुजला असेल, तर बहुधा खडकावर आपटल्याची किंवा भांडणातील इजा असते. दोन्ही सुजले असतील, तर सर्व शरीरात पसरलेल्या विकाराची शंका घ्यावी. डोळ्यावरील पांढुरकेपणाचेही तसेच. तो पृष्ठभागावर असेल, तर इजा, संसर्ग किंवा खराब पाणी. बाहुलीच्या आत, भिंगात असेल, तर मोतीबिंदू. वृद्ध माशात मोतीबिंदू आढळतो. तो अन्न दिसत नाही म्हणून खात नसेल, तर त्याला भूक लागत नाही असे समजणे चूक होईल. अन्न त्याच्या तोंडाजवळ नेऊन पाहावे.

त्वचेवरील लक्षणे अशीच एकमेकांशी ताडून पाहावी लागतात. मिठाच्या कणांसारखे सुटे पांढरे ठिपके 'क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स' या परजीवीकडे बोट दाखवितात. पिठी भुरभुरल्यासारखा बारीक थर आणि त्याआधीच सुरू झालेली धाप 'ॲमिलुडिनियम'कडे, तर चिकट बुळबुळीत थर आणि सुटणारी त्वचा 'ब्रुकलिनेला'कडे. हा शेवटचा परजीवी क्लाउन माशांना विशेष जडतो. परांच्या कडेवरील फुलकोबीसारख्या गाठी पुष्कळदा लिम्फोसिस्टिस या विषाणुजन्य विकाराच्या असतात, आणि त्या बहुधा आपोआप ओसरतात. निर्णायक पुरावा मात्र सूक्ष्मदर्शकाखालीच मिळतो. त्वचेवरील चिकट द्रवाच्या नमुन्यात क्रिप्टोकॅरिऑन संथपणे गरगरताना दिसतो, ब्रुकलिनेला चपळ असतो, आणि ॲमिलुडिनियम पेशींना मुळ्या रोवून निश्चल असतो.

येथे संप्राप्तीचे, म्हणजे रोगाच्या वाटचालीचे, ज्ञान आवश्यक ठरते. क्रिप्टोकॅरिऑनचे ठिपके काही दिवसांत नाहीसे होतात आणि मालक निर्धास्त होतो. वस्तुतः परजीवी माशाला सोडून तळाशी कोष करून राहिलेला असतो. त्या कोषातून अनेक पिल्ले बाहेर पडतात आणि पुढचा हल्ला अधिक तीव्र होतो. म्हणजे लक्षण गेले म्हणून रोग गेला असे होत नाही. उलट, वर्षानुवर्षे एकट्याच राहिलेल्या माशाला, टाकीत नवा मासा, प्रवाळ किंवा खडक आणलेला नसताना, असा रोग नव्याने होणे संभवनीय नाही. म्हणून गेल्या दोन-तीन महिन्यांत टाकीत काय काय आले, हा प्रश्न अवश्य विचारावा.

कृशता हे वृद्ध माशाचे सर्वांत फसवे लक्षण होय. खात नाही म्हणून वाळला, की खाऊनही वाळला? तोंडात घेऊन थुंकतो काय? पहिल्या प्रकारात डोळे, तोंड, पाणी आणि सोबतच्या माशांचा त्रास तपासावा. खाऊनही वाळणाऱ्या माशात आतड्यांतील परजीवी किंवा मायकोबॅक्टेरियमचा संसर्ग यांची शंका येते. 'मायकोबॅक्टेरियम मरायनम' हा क्षयजंतूचा सगोत्र जंतू ॲरन्सनने १९२६ साली फिलाडेल्फियातील मत्स्यालयात मेलेल्या सागरी माशांतून वेगळा केला. हा रोग महिनोन्‌महिने मुरत राहतो. मासा खंगतो, खवले गळतात, व्रण होतात. हे सर्व वार्धक्यासारखेच दिसते. खात्री बहुधा मृत्यूनंतर, अंतर्गत अवयवांतील गाठी आणि आम्लस्थायी जंतू पाहूनच होते. हातावरील जखमेतून हा जंतू माणसालाही बाधतो. म्हणून अशा टाकीत हातमोज्यांशिवाय हात घालू नये.

राहिला उपशय, म्हणजे उपचाराच्या परिणामावरून रोग ओळखणे. त्वचेला चिकटणारे काही चपटे कृमी पारदर्शक असल्यामुळे दिसत नाहीत. तापमान आणि पीएच जुळविलेल्या गोड्या पाण्यात माशाला सुमारे पाच मिनिटे, सतत लक्ष ठेवून, ठेवले असता ते पांढरे पडून गळतात. उपचार आणि पुरावा दोन्ही एकदम मिळतात. परंतु प्रत्येक उपचार असा निरुपद्रवी नसतो. क्रिप्टोकॅरिऑन व ॲमिलुडिनियमवर तांबे गुणकारी आहे. मात्र त्याची योग्य आणि घातक मात्रा यांतील अंतर थोडे असते, आणि प्रवाळादी अपृष्ठवंशी प्राणी त्याने मरतात. अंदाजाने एकामागून एक औषधे दिली, तर अशक्त मासा औषधानेच दगावण्याचा धोका असतो, आणि कोणत्या उपचाराचा कोणता परिणाम झाला हेही कळेनासे होते. म्हणून आजारी मासा वेगळ्या टाकीत हलवून एका वेळी एकच उपचार करावा.

या सर्व विवेचनातील प्रत्येक तुलना पूर्वीच्या नोंदीवर अवलंबून आहे. मासा निरोगी असताना मिनिटाला कल्ले किती वेळा हलतात, तो किती खातो, रात्री कोठे विसावतो, हे लिहून ठेवलेले नसेल, तर आजच्या लक्षणाला मूल्य उरत नाही. एवढे करूनही मासा मेला, तर त्याला गोठवू नये. गोठविल्याने ऊती फाटतात आणि परीक्षण निष्फळ होते. बर्फावर थंड ठेवून शक्य तितक्या लवकर तो माशांच्या रोगांच्या जाणकाराकडे न्यावा. त्या परीक्षणाचा लाभ टाकीत मागे राहिलेल्या माशांना होतो. सर्व शक्यता एकेक करून तपासल्यावर आणि त्या नाकारल्या गेल्यावरच 'वार्धक्याने मृत्यू' अशी नोंद करण्याचा अधिकार आपल्याला प्राप्त होतो.