गाडीसाठी शिंगरू घेताना : आधी पाय, मग रंग

मार्गशीर्ष जवळ आला की वरूड-मोर्शीकडचे काही वाचक बंधू आम्हांला हमखास एकच प्रश्न विचारतात : 'यंदा बाजारातून शिंगरू आणावे म्हणतो, पाहायचे काय?' टांग्यांचे दिवस गेले, हे खरे. पण वरातीची बग्गी आहे, लग्नाची घोडी आहे आणि मालाची घोडागाडीही कुठे कुठे चालते. या धंद्यात आपल्या समाजातील माणसे बरीच आहेत. तयार घोडा परवडत नाही, म्हणून दीड-दोन वर्षांचे शिंगरू घ्यायचे आणि घरी वाढवून कामाला लावायचे, हा हिशोब वरवर बरोबर दिसतो. मात्र फसगतही याच सौद्यात जास्त होते.

आमच्या ओळखीच्या एका गाडीवाल्याने काही वर्षांपूर्वी घरातले दागिने मोडून असेच एक शिंगरू आणले. चारही पाय पांढरे, कपाळावर पट्टा, म्हणजे पंचकल्याणी. गळ्याला देवमण. पाहायला मोहल्ला जमला. तीन वर्षांचे होण्याआधीच ते बग्गीला जुंपले आणि दुसऱ्या लग्नसराईत त्याने पुढचा पाय धरला. नालबंदाने पाय उचलून पाहिला आणि सांगितले की गुडघा मुळातच आत वळलेला आहे, सगळा भार एका बाजूला येतो. हा दोष खरेदीच्या दिवशीही समोर होता. कोणी खाली वाकून पाहिले नाही, एवढेच.

बाजारात पैसे कशाचे लागतात

आपल्या वरूडच्या उत्तरेला मुलताईला उगम पावणारी तापी पुढे नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला जाते. तिथे दत्तजयंतीला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातील माळेगावला खंडोबाच्या यात्रेतही घोडे येतात. दोन्ही ठिकाणी भाव चढतो तो रंगावर, भोवऱ्यांवर, आत वळलेल्या मारवाडी-काठेवाडी कानांवर आणि उंचीच्या इंचांवर. डोळ्याखाली भोवरा असला की 'आसूढाळ' म्हणून चांगले जनावरही पडून राहते.

शौकिनाने यासाठी पैसे मोजावेत, त्याची ऐपत आहे. ज्याला घोड्याच्या कमाईवर घर चालवायचे आहे, त्याने लक्षात ठेवावे की भोवऱ्याने गाडी ओढली जात नाही. उलट आसूढाळ असलेले, पण पायाने निर्दोष शिंगरू स्वस्तात मिळत असेल, तर गाडीवाल्याचा त्यात फायदाच आहे. वरातीसाठी घेणाऱ्याने मात्र गिऱ्हाईक रंग पाहते, हे ध्यानात घेऊन हिशोब करावा.

वय दातांवर, अंदाज वाढीवर

विक्रेत्याने सांगितलेले वय धरून चालू नका. घोड्याचे समोरचे दुधाचे दात पडून मधली जोडी साधारण अडीच वर्षांनी, तिच्या शेजारची साडेतीन वर्षांनी आणि कडेची साडेचार वर्षांनी येते. सगळे दात दुधाचे असतील, तर जनावर अडीचच्या आतले समजावे.

या वयात शिंगरू बेढब दिसते. पाय लांब, छाती अरुंद, पुठ्ठे खांद्यापेक्षा उंच. याला घाबरू नये. आधी मागचा भाग वाढतो, मग पुढचा त्याला गाठतो. छातीची रुंदी, मानेची जाडी आणि पुठ्ठ्यांचे मांस पुढे भरते. पण पायांची ठेवण, सांध्यांचा घाट, खुराचा आकार आणि खांद्याचा तिरपेपणा दीड वर्षानंतर फारसा सुधारत नाही. म्हणून शिंगरू पाहताना जे पुढे बदलणार आहे त्यावर कमी आणि जे बदलणार नाही त्यावर जास्त वेळ घालवावा. बाजारात बहुतेक लोक नेमके उलट करतात.

ओढीचा बांधा

जनावर सपाट, कडक जमिनीवर उभे करायला सांगा. गवतात किंवा वाळूत उभे केलेले जनावर घेऊ नका, खूर झाकले जातात.

खुरापासून सुरुवात करा. चारही खूर गोल, टणक, भेगा नसलेले आणि जोडीजोडीने सारखे हवेत. पुढचा एक खूर दुसऱ्यापेक्षा अरुंद व उभा असेल, तर त्या पायावर जनावर भार देत नाही, असा संशय धरावा. पाय उचलून तळवा पाहा. वास येत असेल, मधली मऊ गादी काळी पडून गळत असेल, तर निगा वाईट आहे.

मग समोर उभे राहा. खांद्याच्या मध्यापासून ओळंबा सोडला, तर तो गुडघ्याच्या आणि खुराच्या मध्यावरून जावा. बाजूने पाहताना गुडघा मागे झुकलेला नसावा. गुडघ्याखालची नळी आखूड आणि हाताला चपटी, कोरडी लागावी. खुराच्या वरचा सांधा फार उभा असेल तर डांबरी रस्त्याचे हादरे थेट पायात जातात. फार लांब व लवचिक असेल तर ओझ्याने शिरा ताणतात.

गाडीचा जोर मागून येतो. मागचे पुठ्ठे रुंद, कंबर आखूड व भरीव हवी. मागच्या पायाचा मधला मोठा सांधा रुंद, स्वच्छ आणि गाठी-सुजेविना हवा. तो आतल्या बाजूला फार जवळ आलेला नको. पाठ लांब असलेला घोडा स्वारीला मऊ वाटेल, पण ओझ्याला लवकर थकतो. खांदा स्वारीच्या घोड्यापेक्षा थोडा उभा असला तरी चालतो, कारण साजाचा पट्टा त्यावर नीट बसतो. छाती खोल हवी, म्हणजे फुप्फुसांना जागा राहते.

मिश्र रक्ताच्या शिंगरात काय पाहावे

फ्रान्सचा पर्शरॉन किंवा इंग्लंडचा शायर हे खास ओढीसाठी तयार केलेले घोडे ७०० किलोच्या वर भरतात. आपल्या बाजारात 'जड जातीचे' म्हणून जे शिंगरू दाखवले जाते, ते बहुधा तगड्या नराचे हलक्या देशी घोडीला झालेले असते. असे जनावर चांगले निघते, पण दोन्ही बाजूंचे गुण मिळतीलच याची खात्री नसते. कधी धड बापाचे आणि पाय आईचे येतात. जड अंग आणि बारीक नळ्या ही जोडी गाडीसाठी सर्वांत वाईट. शक्य असेल तर आई पाहा. ती नसेल तर निदान पायाची नळी आणि अंगाचे वजन यांचा मेळ पाहा. शंका आल्यास हलके अंग आणि मजबूत पाय असलेले शिंगरू पसंत करा.

चालवून, थांबून पाहा

कडक रस्त्यावर लगाम सैल ठेवून आधी साधे, मग दुडकी चालवा. प्रत्येक वेळी मान एकाच पावलाला वर जात असेल, तर त्या पुढच्या पायात दुखणे आहे. पळवून आणल्यावर श्वास ऐका. रात्री मुक्काम करा आणि सकाळी तेच जनावर पुन्हा पाहा. दुखणे दाबणाऱ्या इंजेक्शनचा असर तोवर उतरलेला असू शकतो. रुमालाखाली बोटे धरून सौदा करायची वेळ त्यानंतर. तोवर इसार देऊ नका.

नाकातून घट्ट स्राव, नाकात जखमा, पायांवर फुटलेल्या गाठी दिसल्या, तर हात लावू नका. ग्लँडर्सचा संशय घ्या. हा रोग माणसालाही होतो. त्यावर जनावराला उपचार केले जात नाहीत, ते नष्टच करावे लागते. रक्ततपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला आणि बाजाराची पावती घेतल्याशिवाय जनावर गाडीत चढवू नये.

विकणाऱ्याने ऐब सांगून विकावे, ही आपल्याकडची जुनी शिकवण आहे. पण १९३० चा माल विक्री कायदा साधारणपणे तपासण्याचे काम घेणाऱ्यावरच ठेवतो. डोळ्यांना दिसणारा दोष घरी आल्यावर कळला, तर दाद मागणे अवघड आहे.

आणल्यानंतर

चांगले शिंगरूही घाईने बिघडते. पायांची हाडे आधी पक्की होतात, पण पाठीचा कणा पाच वर्षांनंतर. दोन-अडीच वर्षांपासून साजाची सवय लावा, रिकामी हलकी गाडी दाखवा. पूर्ण ओझे चार वर्षांनंतरच. १९६५ च्या नियमांनुसार ओढीच्या जनावराकडून दिवसात ९ तासांपेक्षा जास्त आणि सलग ५ तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. जिथे तापमान ३७ अंशांच्या वर जाते, तिथे दुपारी १२ ते ३ जुंपता येत नाही. आपल्या वऱ्हाडात उन्हाळाभर हेच तापमान असते.

म्हणजे शिंगराची किंमत ही बाजारात मोजलेली रक्कम नव्हे. त्यात दोन वर्षांचा चारा, नाल आणि औषधही आले. हा खर्च पेलणार नसेल, तर थोडे थांबून, पैसे जमवून पाच-सहा वर्षांचा साधा, तयार घोडा घ्यावा. त्यात कमीपणा नाही. आणि जायचेच ठरले, तर सोबत एखादा अनुभवी नालबंद न्या. त्याची दिवसाची मजुरी हा त्या सफरीतला सर्वांत स्वस्त खर्च ठरेल.