जुन्नर ते नाणेघाट : सायकलवरून पाहायची जुनी वाट

जुन्नरहून पश्चिमेला नाणेघाटाकडे जाणारा रस्ता तीस-पस्तीस किलोमीटरचा आहे. मोटारीने गेलं तर तासा-दीड तासाचं काम. माणसं जातात, कड्यावर उभी राहून कोकण पाहतात, गुहेत डोकावतात आणि परत फिरतात. घाट पाहिला असं त्यांना वाटतं. पण त्यांनी पाहिलेलं असतं ते वाटेचं एक टोक. ही मुळात व्यापाराची वाट. ती समजायची तर सलग पाहिली पाहिजे आणि बेताच्या चालीने पाहिली पाहिजे. पायी जायला सर्वांना सवड नसते. सायकल मात्र बहुतेक गावांत, बहुतेक घरांत असते. शाळेतली मोठी मुलं आणि त्यांचे गुरुजी यांना तीन दिवसांत ही वाट नीट पाहता येईल.

ही वाट कशासाठी होती ते आधी पाहू. दोन हजार वर्षांपूर्वी सोपारे आणि कल्याण ही कोकणातली भरभराटीची बंदरं होती. तिथे उतरलेला माल सह्याद्री चढून देशावर यायचा, जुन्नरला टेकायचा आणि पुढे पैठणकडे, तेरकडे जायचा. माल बैलांच्या पाठीवर. लादलेला बैल दिवसाला पाच-सहा कोस चालतो, त्याला पाणी लागतं, हाकणाऱ्याला सावली लागते, आणि रात्री मालाला राखण लागते. एवढं ध्यानात ठेवलं की वाटेवरचं टाकं, लेणं आणि किल्ला ही तिन्ही एकाच संसाराची भांडी आहेत हे मुलांना आपोआप उमगतं.

पहिला दिवस जुन्नरसाठीच ठेवावा. शिवनेरी सर्वांना ठाऊक आहे. १६३० साली शिवाजी महाराजांचा जन्म इथे झाला, आणि २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत शिवनेरीही आहे. पण त्याच डोंगराच्या कड्यात महाराजांच्या आधी दीड हजार वर्षांहून जुनी बौद्ध लेणी आहेत, तिकडे फारसं कोणी वळत नाही. तिथल्या लेखांत भोजनमंडप आणि पाण्याची टाकी दान देणारे यवन, म्हणजे ग्रीक वंशाचे लोक, आपली नावं सांगतात. जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत दोनशेच्या वर खोदकामं आहेत. ती राजांनी एकट्याने खोदविली नाहीत. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघाने, सात खोल्यांचं लेणं आणि एक टाकं दिल्याचा लेख इथे आहे. बुरूडकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचाही उल्लेख येतो. आपल्या सहकारी सोसायटीच्या पंचांनी हे लेख अवश्य पाहावेत असं मला वाटतं.

दुपारी लेण्याद्री. गावापासून पाच-सहा किलोमीटर, कुकडी ओलांडून. अष्टविनायकांपैकी एक म्हणून इथे गर्दी असते. सुमारे तीनशे पायऱ्या चढून गेल्यावर गणपतीचं दर्शन घ्यावं आणि शेजारच्या चैत्यगृहाच्या दारावरचा लेख मुलांना दाखवावा. हे चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्ताने दिलं आहे. कल्याणच्या माणसाने जुन्नरला दान का द्यावं, हा प्रश्न मुलांपुढे टाका आणि उत्तर सांगू नका. ते परवा घाटात सापडेल. लेखांमधला ‘लेण’ हा शब्द आपण आजही ‘लेणं’ म्हणून वापरतो, हेही इथेच सांगून ठेवावं.

वेळ उरला तर पाडळीजवळची तुळजा लेणी पाहावीत. तिथलं चैत्यगृह गोल आहे, बारा खांबांच्या कड्याचं. असं क्वचितच पाहायला मिळतं.

जुन्नर पुढेही शतकानुशतकं व्यापाराचं गाव राहिलं. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौलला उतरून इथवर आला, तो एक घोडा विकायच्या आशेने. पावसाळा त्याने इथेच काढला आणि सगळीकडे पाणी नि चिखल असल्याचं लिहून ठेवलं. त्याचा घोडा इथल्या खानाने अडकवून ठेवला होता. मोठ्या खटपटीने तो परत मिळाला. जुन्नरचा चिखल ज्याने तुडवला आहे त्याला या रशियनाबद्दल जवळीक वाटल्याशिवाय राहणार नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघावं. आपटाळे, चावंड, पूर आणि घाटघर अशी वाट आहे. सुरुवातीला ऊस, द्राक्षं आणि कांदा. मग माणिकडोह धरणाचं पाणी. आणि पश्चिमेला जावं तसं शेत लहान होत जातं, भाताची खाचरं लागतात, वस्ती महादेव कोळ्यांची होते. हिरड्याची झाडं दिसू लागली की मावळात आलो असं समजावं. हिरडा गोळा करून विकणं हा इथल्या घरांचा जुना आधार आहे. मोटारीच्या काचेतून हा बदल कळत नाही. सायकलवर तो पोटऱ्यांना आणि नाकाला दोन्हीकडून कळतो.

चावंडचा किल्ला डाव्या-उजव्या कोणत्याही वळणावरून डोळ्यांत भरतो. सोळाव्या शतकाच्या अखेरीस चांदबिबीच्या भावाचा नातू बहादूर निजामशहा इथे कैदेत होता. माथ्यावर सात टाक्यांचा समूह आहे. चढायचं असेल तर सायकली पायथ्याच्या वाडीत कोणाला तरी सांगून ठेवाव्यात. चढण्याची ताकद नसेल तर पुढे पूर गावी कुकडेश्वराला जावं. कुकडीचा उगम इथला, आणि देऊळ शिलाहारांच्या काळातलं मानतात. भिंतीवरचं कोरीवकाम पाहत जेवायला बसावं अशी ही जागा आहे. भाकरी गावात आधी सांगितली तर मिळते. तिचे पैसे द्यावेत. शाळेची सहल आहे म्हणून फुकट खाऊ नये.

पुढचा चढ काही ठिकाणी मुलांना अवघड जाईल. उतरून सायकल ढकलण्यात लाज नाही. मुक्काम घाटघरला करावा आणि घाट तिसऱ्या दिवशी सकाळी पाहावा. उजवीकडे-डावीकडे पाहताना जीवधनचा कडा दिसेल. निजामशाही बुडत असताना शहाजीराजांनी तिच्या वंशातला जो मुलगा १६३३ च्या सुमारास गादीवर बसविला, तो याच गडावरून नेला होता.

घाटाच्या तोंडाशी एक दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत असं लोक सांगतात. खरं-खोटं कसंही असो, एवढी मोठी वाट ताब्यात असलेला राजा जकात सोडणार नाही एवढं नक्की. थोडं खाली उतरलं की गुहा. तीन बाजूंना बसायला दगडी ओटे, कारण ही वाटसरूंची धर्मशाळा. भिंतींवर ब्राह्मी लिपीत मोठा लेख. सातवाहन राजा सातकर्णीची राणी नागनिका हिच्या घराण्याने केलेले यज्ञ आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, नाणी यांची ही यादी आहे. भाषा प्राकृत, आपल्या मराठीची आजी म्हणावी अशी.

गणिताच्या शिक्षकांनी इथे जरा थांबावं. दानाचे आकडे या भिंतीवर अंकांत लिहिले आहेत, आणि आपल्या देशातल्या सर्वांत जुन्या अंकचिन्हांत त्यांची गणना होते. एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन आडव्या रेघा. दहाला वेगळं चिन्ह, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं. शून्य नाही. शून्यावाचून हिशेब किती किचकट होतो ते मुलांकडून तिथल्या तिथे, मातीत काटकीने करवून घ्यावं.

मागच्या भिंतीवर एके काळी राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती कोरलेल्या होत्या. सिमुक सातवाहन, नागनिका आणि सातकर्णी, राजकुमार, एक महारठी. प्रत्येकाच्या डोक्यावर त्याचं नाव. आज मूर्ती नाहीत. नावं उरली आहेत आणि खाली पावलांच्या जागी काही खुणा. कर्नल साइक्स याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा लेख विद्वानांच्या नजरेस आणला, भगवानलाल इंद्रजींनी पुढे तो वाचला, म्हणून ही नावं आपल्याला सांगता येतात. अक्षरंही गेली असती तर हे कोण होते हे सांगायला जगात दुसरं साधन फार थोडं होतं. अशा भिंतीवर खडूने, कोळशाने किंवा खिळ्याने आपलं नाव लिहिणारे लोक आजही आहेत. १९५८ च्या कायद्याने तो गुन्हा आहे. लेखावर पाणी मारून अक्षरं उठून दिसतात असं कोणी सुचवील, तेही करू देऊ नये. सकाळचं तिरपं ऊन किंवा बाजूने धरलेली विजेरी पुरते.

गुहेपासून खाली जुनी पायवाट कोकणात वैशाखऱ्याकडे उतरते. ती सायकलची नव्हे. सायकल वरच ठेवून शंभर-दोनशे पावलं उतरावं. घाटात पाण्याची टाकी आहेत. त्यांतलं एक सोपाऱ्याच्या गोविंददासाने दिल्याचा लेख आहे. टाक्याला त्यात ‘पोढी’ म्हटलं आहे. लेण्याद्रीला कल्याणचा सुलसदत्त, इथे सोपाऱ्याचा गोविंददास. परवाच्या प्रश्नाचं उत्तर मुलं आता स्वतःच देतील. टाक्यात हात-पाय धुऊ नयेत, बाटल्या टाकू नयेत.

काही व्यवहाराच्या गोष्टी. दिवस कार्तिक ते माघ हे चांगले. पावसाळ्यात वाऱ्याने धबधब्याचं पाणी कड्यावरून उलटं वर उडतं, ते पाहायला मोटारींची रीघ लागते, धुकं दाट असतं आणि दगड निसरडे. मुलांना तेव्हा नेऊ नये. प्रत्येक चार सायकलींमागे एक पंप, पाना, सोल्युशन आणि रबराची ठिगळं असावीत, कारण आपटाळ्याच्या पुढे पंक्चर काढणारा मिळेलच असं नाही. निघण्याआधी ब्रेकची रबरं पाहून घ्यावीत. परतीला उतार आहे. आणि परतीची वेळ अशी धरावी की उसाच्या पट्ट्यात दिवस मावळायच्या आत पोचता येईल. जुन्नर तालुक्यात बिबटे उसात राहतात. सायकलवर वाकलेलं एकटं मूल सर्वांच्या मागे पडू देऊ नये. एक गुरुजी पुढे आणि एक शेवटी, मध्ये मुलं.