झार, निजाम आणि रयत

कन्नड तालुक्यातील पिशोर येथे, मराठवाड्यातील अन्य गावांप्रमाणेच, दरवर्षी १७ सप्टेंबरला ध्वजवंदन होते. १९४८ साली याच दिवशी निजामाची सत्ता संपली. शेजारच्या तालुक्यात, खुलताबादेस, या घराण्याचा मूळ पुरुष निजाम-उल-मुल्क आसफजाह याची कबर आहे. त्याचे निधन १७४८ सालचे. संस्थापकाच्या मृत्यूनंतर बरोबर २०० वर्षांनी त्याच्या वंशाचे राज्य लयास गेले. मुक्तिदिनी निजामी जुलमाची उजळणी होते आणि ती व्हावयासही हवी. परंतु राजसत्ता कोसळते ती कशामुळे आणि तिची किंमत कोण मोजतो, या प्रश्नांचा विचार मात्र क्वचितच होतो.

या विचारासाठी रशियाच्या रोमानोव्ह घराण्याचा इतिहास उपयोगी पडतो. १६१३ पासून राज्य करणाऱ्या या घराण्याने १९१३ साली आपल्या सत्तेचा त्रिशतसांवत्सरिक महोत्सव साजरा केला. पुढच्या चारच वर्षांत झार निकोलस दुसरा याला सिंहासन सोडावे लागले. १९०५ च्या उठावानंतर त्याने ड्यूमा नावाची प्रतिनिधिसभा दिली खरी, पण पहिली ड्यूमा अवघ्या ७२ दिवसांत बरखास्त केली. महायुद्धात पराभव होत असताना त्याने सेनापतिपद स्वतःकडे घेतले. त्यामुळे प्रत्येक अपयशाचा दोष थेट त्याच्याच माथी आला. १९१७ च्या आरंभी राजधानी पेट्रोग्राडमध्ये भाकरीसाठी माणसे रस्त्यावर आली, तेव्हा सैन्यही त्याच्या बाजूने उभे राहिले नाही. १७ जुलै १९१८ च्या पहाटे येकातेरिनबुर्ग येथील एका घराच्या तळघरात झार, झारीना, चार मुली आणि आजारी युवराज यांना गोळ्या घालण्यात आल्या.

त्याच १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा हा प्रयोग थोर होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु ती भाषा उर्दू होती. बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणारी होती. संस्थानाच्या सुमारे एक दशांश भूमीचा महसूल ‘सर्फ-ए-खास’ म्हणून निजामाच्या खाजगी तिजोरीत जात असे, आणि याशिवाय जहागिरींचा विस्तार मोठा होता. १९३७ साली ‘टाइम’ साप्ताहिकाने मीर उस्मान अली खान यांना जगातील सर्वांत श्रीमंत मनुष्य म्हणून मुखपृष्ठावर झळकविले. राज्याचे धन आणि राजाचे धन यांतील सीमारेषा जेथे पुसट असते, तेथे प्रजेने हिशेब मागणे हाच राजद्रोह ठरतो. १९३८ साली स्टेट काँग्रेसवर बंदी आली. ‘वंदे मातरम्’ म्हणणाऱ्या औरंगाबादच्या विद्यार्थ्यांवर कारवाई झाली. १९३९ साली जाहीर झालेल्या राजकीय सुधारणा महायुद्ध संपेपर्यंत लांबणीवर पडल्या. जे मागून मिळाले नाही ते प्रजेने पुढे लढून घेतले.

झाराप्रमाणेच निजामानेही अखेरच्या क्षणी चुकीच्या माणसांच्या हाती सूत्रे जाऊ दिली. कासीम रझवी यांच्या रझाकारांनी गावोगाव धुमाकूळ घातला. असंख्य कुटुंबे सरहद्द ओलांडून खानदेश, वऱ्हाड आणि सोलापूरच्या आश्रयास गेली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि पाचव्या दिवशी शरणागती झाली.

येथे मात्र दोन कथांची वाट वेगळी होते. निजामाच्या कुटुंबास कोणी हात लावला नाही. त्यांना वार्षिक ५० लाख रुपयांचा तनखा मिळाला, १९५० ते १९५६ या काळात ते राजप्रमुखही होते, आणि १९६७ साली वृद्धापकाळी त्यांचे निधन झाले. लोकशाहीचे हे औदार्य अभिमानास्पदच आहे. परंतु त्यावरून हैदराबादचे सत्तांतर रक्तहीन झाले असे मानणे हा भ्रम ठरेल. रझाकारांनी हिंदू गावकऱ्यांना मारले. कारवाईनंतर सूडाच्या लाटेत निरपराध मुसलमान मारले गेले. पंडित सुंदरलाल समितीने या दुसऱ्या हिंसेतील बळींचा अंदाज किमान २७ ते ४० हजार असा दिला. उस्मानाबाद, नांदेड, बीदर आणि गुलबर्गा हे जिल्हे त्यात सर्वाधिक होरपळले. हा अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. रशियातही राजवाड्याबाहेरचे मरण अधिक मोठे होते. यादवी युद्धामागोमाग आलेल्या १९२१–२२ च्या दुष्काळात सुमारे ५० लाख माणसे दगावली.

विलीनीकरणाच्या सुमारास निजामाच्या खात्यातून दहा लाखांहून अधिक पौंड लंडनमध्ये पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या नावे वळविण्यात आले होते. त्या रकमेचा वाद ७१ वर्षे चालला. २०१९ साली भारत आणि निजामाचे वारस यांच्या बाजूने निकाल लागला, तोवर ती सुमारे साडेतीन कोटी पौंड झाली होती. पैशाला वारस होते, वकील होते, न्यायालय होते. रझाकारांच्या वा सूडाच्या आगीत मेलेल्या शेतकऱ्याचा, विणकराचा असा दावा कोणी लढविला नाही.

झाराच्या मुलींची छायाचित्रे आणि निजामाच्या हिऱ्यांच्या कथा लोकांना मोहवितात. तो मोह स्वाभाविक आहे. तथापि वर्गात इतिहास शिकविताना राजघराण्याच्या शोकांतिकेपाशीच थांबता येणार नाही. वेळेवर न दिलेल्या अधिकारांची किंमत, राजवाडा वाचो अथवा पडो, झोपडीलाच मोजावी लागते. पिशोरच्या मुलांना १७ सप्टेंबरला स्वातंत्र्यसैनिकांच्या नावांबरोबर हेही सांगितले गेले, आणि दोन्ही बाजूंच्या अनाम मृतांचे स्मरण झाले, तर त्या ध्वजवंदनाचा अर्थ अधिक खोल होईल.