मसुद्यापुढची साक्ष

टिळक म्हटलं की आपल्याला आरोपीचा पिंजरा आठवतो : १८९७, मग १९०८. त्यांची आणखी एक हजेरी मात्र विस्मरणात गेली आहे. ऑगस्ट १९१९ मध्ये, ब्रिटिश पत्रकार चिरोलविरुद्धचा बदनामीचा खटला हरल्यानंतरही लंडनमध्येच थांबलेले टिळक ब्रिटिश संसदेच्या संयुक्त समितीपुढे गेले, ते होमरूल लीगचे साक्षीदार म्हणून. समोर भारतमंत्री माँटेग्यूंच्या सुधारणांचं विधेयक होतं. अध्यक्ष लॉर्ड सेलबोर्न. सदस्यांत खुद्द माँटेग्यू होते आणि लॉर्ड सिडनहॅमही. म्हणजे १९०८ च्या शिक्षेच्या वेळी मुंबईचे गव्हर्नर असलेले क्लार्क. ज्यांच्या राजवटीत तुरुंगात गेलो त्यांच्याच पुढे कायद्याबद्दल मत मांडायचं, याला धैर्य लागतं.

अशा समितीचं काम संथ असतं, आणि तसंच असायला हवं. सभागृहात भाषणं होतात; इथे मसुदा कलमवार वाचला जातो, साक्षीदाराला प्रश्न विचारले जातात, उत्तरं शब्दशः टिपली जातात. मग दुरुस्त्या, अहवाल, आणि ज्यांना तो पटला नाही त्यांची भिन्न मतपत्रिका. सेलबोर्न समितीने साक्षींचा स्वतंत्र खंडच छापला.

त्या साक्षींचा उपयोग काय झाला? टिळकांना हवं होतं तेवढं स्वराज्य मिळालं नाही. पण सरोजिनी नायडू, ॲनी बेझंट आणि हिराबाई टाटा यांनी स्त्रियांच्या मताधिकाराची बाजू मांडली होती. मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीने तो आधीच नाकारला होता. संयुक्त समितीने निदान तो निर्णय प्रांतिक कौन्सिलांवर सोपवला, आणि १९२१ मध्ये मुंबई कौन्सिलने मताधिकार दिला. मुंबई इलाख्यात मराठ्यांसाठी राखीव जागा ठेवण्याची शिफारसही याच समितीची. पुण्याच्या ब्राह्मण-ब्राह्मणेतर वादात ती किती जणांना रुचली नसेल, याची कल्पना सहज करता येते.

आपल्या विधिमंडळात हेच काम संयुक्त चिकित्सा समिती करते. विशेष जनसुरक्षा विधेयकावर तिच्याकडे बारा हजारांहून अधिक सूचना आल्या. काही बदल झाले, आक्षेप संपले नाहीत, आणि जुलै २०२५ मध्ये विधेयक मंजूर झालं. इतक्या लोकांनी मसुदा वाचून लिहिलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. म्हणूनच कोणत्या सूचनेचं काय झालं, हे समितीने प्रत्येकाला सांगायला हवं.

दिल्लीत १९९३ पासून खातेनिहाय स्थायी समित्या आहेत. आज चोवीस, प्रत्येकीत ३१ खासदार. पंधराव्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत सुमारे १६ टक्के. या घसरणीची मला मनापासून चिंता वाटते. हिराबाईंना मत नव्हतं, सभागृहात जागा नव्हती. मसुद्यापर्यंत पोचायला त्यांना एवढीच एक वाट होती.