परसातील खुराडे (ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसर)

परसातील खुराडे म्हणजे घरामागील मोकळ्या जागेत, घरगुती गरजेपुरत्या कोंबड्यांना रात्रीचा आसरा आणि अंडी घालण्यास जागा देणारे लहान बांधकाम होय. ठाणे, कल्याण व डोंबिवली या शहरांतील जुनी गावठाणे, त्यांच्या कडेची आगरी-कोळी गावे आणि भिवंडी, अंबरनाथ, मुरबाड, शहापूर या तालुक्यांतील पाडे येथे पाच ते वीस कोंबड्या पाळणारी घरे आजही आढळतात. या पट्ट्यात वर्षाला सुमारे २,५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. थंड प्रदेशातील खुराडे ऊब कोंडून ठेवण्यासाठी बांधले जाते. येथील खुराड्याचे मुख्य काम ऊब आणि ओल बाहेर घालवण्याचे असते.

पूर्वीची पद्धत

कोंबड्यांसाठी स्वतंत्र घर बांधण्याची चाल या भागात फारशी जुनी नाही. दिवसभर कोंबड्या परसात, खळ्यावर व उकिरड्यावर चरत आणि दिवेलागणीला त्यांना बांबूच्या विणलेल्या डालग्याखाली झाकले जाई किंवा पडवीच्या कोपऱ्यातील दगडमातीच्या खुराड्यात कोंडले जाई. खुराड्याचे तोंड फळीने बंद करून तिला दगड लावीत. पडवीच्या भिंती बहुधा कुडाच्या, म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या बांधून त्यावर शेणमातीचा गिलावा दिलेल्या असत. कारवी ही सह्याद्रीतील झुडूपवजा वनस्पती साधारण आठ वर्षांनी एकदा फुलते व त्यानंतर वाळते; तिच्या सरळ, हलक्या काठ्या कुडाला सोयीच्या पडतात.

डालगे आणि पडवी या जोडीत एक शहाणपण होते. डालग्याच्या विणीतून वारा खेळे, आणि पाऊस अडवण्याचे काम पडवीचे छप्पर करी. दगडमातीचे बंद खुराडे मात्र चोर व जनावरांपासून रक्षण करण्यापुरतेच चांगले असे. त्यात हवा फिरत नसे. सिमेंटची घरे आल्यावर पडवी गेली, डालगे मागे पडले आणि चहूबाजूंनी बंद खुराडे तेवढे उरले, तेही आता पत्र्याचे. आज या परिसरात दिसणाऱ्या अनेक खुराड्यांचा मूळ दोष हाच आहे.

ओल कोठून येते

खुराड्यातील ओल पावसामुळेच होते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ओलीचा एक मोठा भाग आतच तयार होतो. मोठी कोंबडी दिवसाला साधारण १०० ग्रॅम किंवा त्याहून थोडी अधिक विष्ठा टाकते व तिच्यात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते. म्हणजे दहा कोंबड्यांच्या खुराड्यात दररोज पाऊण लिटरच्या आसपास पाणी विष्ठेतूनच पडते. श्वासातून निघणारी वाफ व पाण्याच्या भांड्यातून सांडणारे पाणी वेगळेच. कोरड्या हवेत हे पाणी उडून जाते. जुलै महिन्यात कल्याण-डोंबिवलीच्या हवेतील आर्द्रता कित्येक दिवस ८५ टक्क्यांच्या वर असते, त्यामुळे वारा वाहता असल्याशिवाय ते उडत नाही.

म्हणूनच पावसाळ्याच्या तोंडावर खुराड्याला चारही बाजूंनी ताडपत्री गुंडाळण्याचा उपाय उलटतो. बाहेरचे पाणी थांबते, पण आतले कोंडते. दोन-तीन दिवसांत विष्ठेतून अमोनिया सुटू लागतो. माणसाच्या नाकाला तो झोंबू लागला, तर जमिनीलगत बसलेल्या कोंबड्यांना त्याचा त्रास त्याआधीच सुरू झालेला असतो. त्यांचे डोळे पाणावतात व श्वसनमार्ग दुखावून इतर रोगांना वाट मिळते.

जागा आणि दिशा

खुराड्याची जमीन भोवतालच्या जमिनीपेक्षा निदान दीड ते दोन फूट उंच असावी. उल्हास नदी व खाडीच्या काठच्या गावांत एवढ्याने भागत नाही. २६ जुलै २००५ च्या महापुरात कल्याण, बदलापूर व आसपासचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता आणि जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणी दरम्यान पुराच्या पाण्याने महालक्ष्मी एक्सप्रेस अडकून पडली होती. अशा सखल भागात खुराडे खांबांवर उभारणे किंवा पक्षी वेळेवर हलवता येतील असे वजनाने हलके ठेवणे इष्ट ठरते.

लांबट खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवतात. त्यामुळे लांब बाजू उत्तर व दक्षिणेला येतात आणि सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन अरुंद बाजूंवरच पडते. ठाण्याचे अक्षांश सुमारे १९.२ उत्तर असल्याने मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला झुकलेला असतो. म्हणून उत्तरेकडच्या बाजूलाही छपराचा पुढावा लागतो. पश्चिमेची अरुंद बाजू तेवढी पूर्ण बंद करावी. दुपारनंतरचे कडक ऊन आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याबरोबर येणारी झड, दोन्ही मुख्यतः त्याच अंगाने येतात. एका भिंतीत दोन कामे होतात.

छप्पर

या हवामानात खुराड्याचा सर्वांत महत्त्वाचा भाग छप्पर हाच आहे, भिंती नव्हेत. आठ फूट लांब व चार फूट रुंद खुराडे दहा-बारा कोंबड्यांना पुरते. त्याच्या छपराला चारही बाजूंनी तीन फुटांची वळचण ठेवली, तर छपराचा विस्तार चौदा फूट गुणिले दहा फूट, म्हणजे सुमारे १३ चौरस मीटर होतो. खुराड्याच्या जमिनीच्या चौपटीहून अधिक असलेले हे छप्पर प्रथमदर्शनी अवाजवी वाटते. परंतु वळचण एवढी बाहेर असेल तरच झडीच्या दिवशीही लांब बाजूंची जाळी उघडी ठेवता येते.

मात्र अशा छपरावर हंगामात सुमारे ३२,५०० लिटर पाणी पडते. १०० मिलिमीटर पावसाच्या एका दिवसात १,३०० लिटर. पन्हळ न लावल्यास पागोळ्यांचे पाणी जोत्याच्या कडेला चर पाडते, चिखल आत उडतो आणि पाया खचतो. पन्हळ नसेल तर निदान पागोळ्यांच्या रेषेखाली दगडगोट्यांनी भरलेला उतरता चर काढून पाणी दूर न्यावे.

छपरासाठी मंगळुरी कौले उत्तम समजली जातात. त्यांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. मंगळूर येथे बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला व पुढे ही कौले कोकणभर पसरली. जुनी घरे पाडताना निघालेली कौले अजूनही स्वस्तात मिळतात. पत्रा टिकाऊ व बसवण्यास सोपा, पण मे महिन्यात तो असह्य तापतो. त्यावर चुन्याचा पांढरा हात द्यावा आणि कड्याच्या बाजूला, दोन पाखांमध्ये, गरम हवा निघण्यास फट ठेवावी. या फटीवर पाऊस आत येऊ नये म्हणून वेगळे टोपण बसवतात. पेंढ्याचे किंवा झापांचे छप्पर थंड असते, परंतु त्यात उंदीर, पिसवा व गोचीड घर करतात आणि ते दर वर्षी बदलावे लागते.

भिंती, जाळी व शत्रू

लांब बाजूंना तळाशी एक ते दीड फूट उंचीची विटांची किंवा फळ्यांची भिंत आणि त्यावर छपरापर्यंत जाळी, ही रचना रूढ झाली आहे. बाजारात ‘कोंबडी जाळी’ या नावाने मिळणारी षटकोनी छिद्रांची जाळी कोंबडीला बाहेर जाऊ देत नाही एवढेच. घूस ती कुरतडते आणि मुंगूस तिची तार वाकवून शिरते. अर्ध्या इंचाच्या चौकोनी छिद्रांची वेल्डेड जाळी महाग असली, तरी तीच वापरावी. तिच्यातून अंडे गिळण्याइतका मोठा साप येऊ शकत नाही. घूस खालून पोखरून येते, म्हणून जमीन कोब्याची नसल्यास जाळीचा एक फूट भाग बाहेरच्या अंगाला जमिनीत पुरतात. खाडीलगतच्या गावांत खाऱ्या हवेने तार लवकर गंजते. तेथे जस्ताचा जाड मुलामा असलेली जाळी घ्यावी लागते. ठाण्याच्या येऊर भागात व संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला बिबट्याचा वावर असतो. त्याला कोणतीच जाळी पुरेशी नाही. तेथे रात्री पक्षी मजबूत दाराआड ठेवणे आणि भटकी कुत्री जमतील असा खरकट्याचा ढीग जवळ नसणे एवढेच हाती असते.

बसण्यासाठीच्या दांड्या जमिनीपासून दोन-तीन फूट उंच, दर कोंबडीस सुमारे २० सेंटिमीटर याप्रमाणे लावतात. चार-पाच कोंबड्यांना अंडी घालण्याची एक पेटी पुरते. ती दांड्यांपेक्षा खाली व अंधाऱ्या कोपऱ्यात असावी, अन्यथा कोंबड्या रात्री पेटीतच झोपून अंडी घाण करतात. खुडूक कोंबडीला उबवण्यास बसवायचे असल्यास तिची जागा निराळी ठेवतात.

गादी

जमिनीवर भाताचे तूस अथवा लाकडाचा भुसा पसरून केलेल्या थराला गादी म्हणतात. मुरबाड, शहापूर भागांतील भातगिरण्यांमुळे तूस सहज मिळते. सुरुवातीला दोन-तीन इंचांचा थर देऊन पुढे तो सहा इंचांपर्यंत वाढवतात आणि आठवड्यातून निदान दोनदा, पावसाळ्यात एक दिवसाआड, खालीवर करतात. मूठभर गादी दाबून पाहावी. मूठ उघडल्यावर ती भुगभुगीत सुटली तर ठीक. लाडू वळला गेला तर ती ओली आहे व तेवढा भाग काढून टाकावा. वर्षातून एकदा, शक्यतो मे महिन्यात, सर्व गादी काढून जमीन उन्हात वाळवून व चुना भुरभुरून नवे तूस भरतात. जुनी गादी कुजवून भाजीच्या वाफ्यांना उत्तम खत होते.

आषाढात येथे एक वेगळीच अडचण येते. श्रावणापूर्वीच्या गटारी अमावास्येसाठी बऱ्याच घरी कोंबडे वाढवून ठेवलेले असतात. त्यामुळे नेमक्या सर्वांत ओल्या आठवड्यांत खुराड्यात सर्वाधिक गर्दी असते.

उन्हाळा

कोंबडीला घामग्रंथी नसतात. तिच्या शरीराचे तापमान ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते व जादा उष्णता ती मुख्यतः धापा टाकून, म्हणजे श्वासातून पाणी उडवून, बाहेर टाकते. दमट हवेत हा मार्गच अडतो. समुद्रापासून दूर असलेल्या कल्याण, बदलापूर, मुरबाड येथे एप्रिल-मेमध्ये काही दिवशी पारा ४० अंशांवर जातो. धापांमुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होऊन अंड्यांचे कवचही पातळ होते. छपरावर ओली बारदाने टाकणे, सावलीत मातीच्या भांड्यांत दिवसातून दोन-तीनदा ताजे पाणी देणे आणि खाद्य पहाटे व सूर्यास्तापूर्वी देणे हे उपाय उपयोगी पडतात. खुराड्याच्या आत पाणी शिंपडल्याने मात्र वारा नसेल तर दमटपणा वाढून त्रास अधिक होतो.

रोग

रक्ती हगवण (कॉक्सिडिओसिस) हा ओल्या गादीचा रोग आहे. विष्ठेतून पडलेली परजीवींची अंडी उबदार व दमट गादीत एक-दोन दिवसांतच संसर्गक्षम होतात आणि पिल्ले व तलंगा त्यास बळी पडतात. साठवलेल्या मक्यावर पावसाळ्यात बुरशी चढून विषबाधा होते, म्हणून खाद्य महिन्याभराचेच आणून घट्ट झाकणाच्या पिंपात ठेवतात. कोंबड्यांची देवी डासांमार्फतही पसरते. खुराड्याजवळ पाणी साचू न देण्याचे तेही एक कारण आहे. मानमोडीचा (राणीखेत) खुराड्याच्या रचनेशी थेट संबंध नाही, तिच्यावर लस हाच उपाय. लासोटा लस पिलांना पहिल्या आठवड्यात देतात.

फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे बर्ड फ्लूमुळे कोंबड्या दगावल्या व परिसरातील पक्षी नष्ट करण्यात आले. अशा वेळी बाधित क्षेत्रातील परसातील कोंबड्याही कारवाईतून सुटत नाहीत. हा विषाणू जंगली पाणपक्ष्यांच्या विष्ठेतून येऊ शकतो, त्यामुळे खाद्य व पाणी छपराखालीच ठेवावे. एकाएकी अनेक पक्षी मेल्यास ते उघड्यावर न टाकता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे लागते.

शेजार

शहरी वस्तीत खुराडे टिकणे बहुतेकदा शेजाऱ्यांवर अवलंबून असते. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेत २०१५ मध्ये समाविष्ट झालेल्या २७ गावांसारख्या ठिकाणी शेती, चाळी आणि नव्या इमारती एकमेकांस लागून आल्या. तेथे तक्रार होते ती कोंबड्याच्या पहाटेच्या आरवण्याची व वासाची. कोंबडा नसला तरी कोंबड्या अंडी घालतात, फक्त त्यांतून पिल्ले निघत नाहीत. त्यामुळे काही घरे कोंबडा ठेवतच नाहीत. गादी कोरडी असल्यास वासाची तक्रार सहसा येत नाही. गृहनिर्माण संस्थेच्या आवारात खुराडे उभारण्यापूर्वी संस्थेची संमती आणि महानगरपालिकेचे नियम पाहावे लागतात.